केए पासिंगची गाडी एमएच करताना: कामांचा क्रम, टॅक्स आणि अडकण्याच्या जागा

राज्य बदललं की लायसन्स आणि गाडी दोन्ही 'ट्रान्सफर' करावं लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. लायसन्सच्या बाबतीत ते खरं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३ नुसार कुठल्याही राज्यात काढलेलं लायसन्स देशभर चालतं आणि मुदत संपेपर्यंत चालतं. गाडीचं तसं नाही. तिच्यावर राज्याचा टॅक्स बसलेला असतो, म्हणून राज्य बदललं की नोंदणी बदलते, नंबर बदलतो आणि टॅक्स पुन्हा भरावा लागतो.

इथे बंगळुरूहून पुण्याला आलेल्या खासगी कारचं उदाहरण धरलं आहे. राज्यं दुसरी असली तरी केंद्राचे नियम आणि फॉर्म तेच राहतात. टॅक्सचे दर आणि परताव्याची पद्धत तेवढी वेगळी असते.

लायसन्स आधी उरकून टाका

लायसन्सवर नवा पत्ता चढवून घेतलेला बरा, कारण नूतनीकरणाची कार्डं टपालाने येतात आणि जुन्या पत्त्यावर गेलेलं कार्ड परत फिरतं. काम 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर होतं. राज्य निवडताना महाराष्ट्र निवडा, लायसन्स कर्नाटकातलं असलं तरीही. तिथे लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की पत्ता बदलण्याची सेवा दिसते. पिनकोडवरून आरटीओ निवडायचं, फॉर्म २ भरायचा, पत्त्याचा पुरावा जोडायचा. केंद्राच्या नियमानुसार या कामाची फी २०० रुपये आहे, स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. आधारने ओळख पटवली तर बहुतेक वेळा कार्यालयात जावं लागत नाही. त्यासाठी आधारवर आधीच पुण्याचा पत्ता असायला हवा. म्हणून पुण्यात आल्यावर पहिलं काम आधारचा पत्ता बदलण्याचं.

लायसन्सचा नंबर मात्र बदलत नाही. कार्ड पुण्याहून आलं तरी नंबर केए ने सुरू होणाराच राहतो, आणि ते बरोबर आहे. 'एमएच नंबरचं नवीन लायसन्स काढून देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. कलम ६ नुसार एका माणसाकडे दोन लायसन्स असू शकत नाहीत.

हे काम अडतं ते मुख्यतः जुन्या लायसन्सवर. पुस्तकी लायसन्स असेल किंवा फार पूर्वीचं कार्ड असेल तर सारथीवर 'रेकॉर्ड सापडत नाही' असं येतं. आधी नंबर नीट लिहिलाय ना ते पाहा: राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन अंक, वर्षाचे चार आणि शेवटी सात अंकी क्रमांक, एकूण १५. जुन्या कार्डांवर शेवटचा क्रमांक तोकडा असतो, त्याच्या आधी शून्यं भरून सात अंक करायचे. तरीही सापडलं नाही तर ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं त्यांनाच ते रजिस्टरमधून संगणकावर चढवावं लागतं. याला बॅकलॉग एंट्री म्हणतात आणि पुण्याचं आरटीओ ती करू शकत नाही. बंगळुरू सोडायच्या आधी सारथीवर एकदा स्वतःचं लायसन्स शोधून पाहा, असा आग्रह आहे तो यासाठी. तिथे असताना एका चकरेत होणारं काम पुण्यातून करायचं म्हणजे खासा प्रवास.

नावाची भानगडही नेहमीची. दक्षिणेतल्या पद्धतीने लायसन्सवर नाव आणि आद्याक्षर एवढंच असतं. आधारवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पूर्ण माळ असते. आधारशी नाव जुळलं नाही की ऑनलाइन वाट बंद होते, मग अपॉइंटमेंट घेऊन कागद दाखवायला जावं लागतं.

मुदत संपत आली असेल तर पत्ता आणि नूतनीकरण एकाच अर्जात करा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. त्यापेक्षा उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो, खाली असेल तर स्वतःच्या सहीचा फॉर्म १ पुरतो. मुदत संपल्यापासून नूतनीकरण होईपर्यंतच्या काळात गाडी चालवायची नाही. एक वर्षाची सवलत अर्जासाठी आहे, चालवण्यासाठी नाही.

गाडी खरंच एमएच करायची का?

कलम ४७ म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन नंबर घ्यायचा. केंद्रीय नियम ५४ नुसार ते १२ महिने संपल्यावर ३० दिवसांत फॉर्म २७ मध्ये अर्ज करायचा. शिवाय कलम ४९ आहे: आरसीवरच्या पत्त्यावर राहणं बंद झालं की ३० दिवसांत नवा पत्ता कळवायचा. लोक ही दोन कलमं एकत्र करतात आणि 'महिन्याभरात नंबर बदलायलाच हवा' असा समज पसरतो. पत्ता कळवणं वेगळं, नंबर बदलणं वेगळं.

बारा महिन्यांच्या आत कोणी अडवलं तर तुम्ही कधी आलात हे दाखवता आलं पाहिजे. फास्टॅगचं स्टेटमेंट यासाठी सगळ्यात सोपं. कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर अशी टोलनाक्यांची रांग तारखेसकट त्यात उमटलेली असते. गाडी ट्रकवरून आणली असेल तर त्या कंपनीची बिल्टी, म्हणजे माल पोचवल्याची पावती, जपा. नोकरीचं रुजू पत्र आणि नोंदणीकृत भाडेकरारही चालतात. हेच कागद पुढे टॅक्स मोजतानाही लागू शकतात, म्हणून फेकू नका.

वर्ष-दीड वर्षात परत जायचं असेल तर निर्णय विचार करून घ्या. एकदा एमएच केली आणि पुन्हा केए करायची वेळ आली की हा सगळा फेरा उलटा करायचा, टॅक्ससकट. गाडी बारा-तेरा वर्षांची असेल तर ती तिकडेच विकून इथे दुसरी घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांनंतरच्या कारच्या नूतनीकरणाची फीच ५,००० रुपये झाली आहे.

दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्यांसाठी बीएच (भारत) मालिका आहे, तिचा नंबर राज्य बदललं तरी तोच राहतो. ती १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. संरक्षण दलं, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. खासगी नोकरीत असाल तर कंपनीच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ६० लागतो. सुरुवातीला ही सोय फक्त नव्या गाड्यांना होती. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधीच राज्याचा नंबर असलेली गाडीही बीएच करता येते. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ८ टक्के, दहा ते वीस लाखांना १०, त्यावर १२. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. हे टक्के पूर्ण आकारणीचे असतात आणि दोन वर्षांचा वाटा त्यातून काढतात. तारीख चुकली की दंड चढत जातो, त्यामुळे विसराळू माणसाने या वाटेला जाऊ नये.

बंगळुरू सोडण्याआधी

गाडीच्या कामात सर्वात जास्त वेळ खाते ती एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला ना-हरकत दाखला, आणि ती मूळ आरटीओकडूनच घ्यावी लागते. केए ०५ असेल तर जयनगर, केए ०१ कोरमंगला, केए ५३ कृष्णराजपुरम. तुम्ही शहरात राहत असतानाच अर्ज टाका. पण अर्जाच्या आधी चार गोष्टी साफ करा, कारण एनओसी निघाली की 'वाहन' या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर गाडी 'एनओसी दिलेली' अशी दिसते आणि जुन्या कार्यालयातली बाकीची कामं थांबतात.

पहिली गोष्ट बँकेचा बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बोजा तसाच राहिलेल्या गाड्या भरपूर आहेत. बँकेचं पत्र आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घेऊन बोजा आधी उतरवा. बँकेच्या पत्राला स्वतःची मुदत असते, ती पाहा. कर्ज चालू असेल तर बोजा राहू द्या, पण फॉर्म २८ वर बँकेची संमती हवी. पुण्यातल्या शाखेत 'आमच्याकडे हे होत नाही, कर्ज खात्याच्या शाखेतून आणा' हे उत्तर ठरलेलं. म्हणून तेही तिकडेच उरका.

दुसरी गोष्ट चलनं. परिवहनच्या ई-चलन साइटवर शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या स्वतःच्या यादीतही गाडीचा नंबर टाकून बघा. सिग्नलच्या कॅमेऱ्याची दोन वर्षांपूर्वीची पाचशे रुपयांची नोंद एनओसी रोखून धरू शकते. भरल्यानंतर नोंद पुसली जायला काही दिवस लागतात, म्हणून अर्जाच्या आदल्या रात्री भरू नका.

तिसरी गोष्ट मोबाइल नंबर. वाहन पोर्टलवरची प्रत्येक पायरी ओटीपीवर चालते आणि तो ओटीपी गाडी घेताना दिलेल्या नंबरवर जातो. कित्येकदा तो नंबर शोरूमच्या माणसाचा असतो. नंबर बदलण्याची सेवा त्याच पोर्टलवर आहे. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची वैधता हाताशी ठेवा.

चौथी गोष्ट पोलिसांचा दाखला. कलम ४८ नुसार एनओसी देण्याआधी गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा अहवाल आरटीओला घ्यावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून हा दाखला घरबसल्या काढता येतो. छापून जोडा. एखादा अंक चुकला तरी दाखला निघतो, पण तो दुसऱ्याच गाडीचा असतो आणि खिडकीवर परत येतो.

आता अर्ज. परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकून एनओसीचा अर्ज निवडा. पुढे राज्य आणि आरटीओ विचारतात, आणि सगळ्यात महागडी चूक इथे होते. एनओसी ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. 'पुणे' म्हणून डोळे झाकून एमएच १२ टाकलं आणि घर वाकड किंवा हिंजवडीला असलं तर ते क्षेत्र पिंपरी-चिंचवडचं, म्हणजे एमएच १४. बाणेर, खराडी, हडपसर एमएच १२ मध्ये येतात. मुंबईतही तीच गत: ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली ही चार वेगळी कार्यालयं. घर पक्कं ठरलेलं नसेल तर एनओसीची घाई करू नका, कारण नाव बदलायला पुन्हा बंगळुरूच गाठावं लागतं.

फॉर्म २८ तीन भागांचा असतो. पहिला मूळ कार्यालयात राहतो, दुसरा नव्या कार्यालयासाठी, तिसरा तुमचा. गाडीचे क्रमांक, टॅक्स कुठपर्यंत भरलाय, चोरीचा किंवा इतर काही गुन्हा प्रलंबित आहे का, गाडी कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत चालली आहे, बँकेची संमती, हे सगळं त्यात येतं. तिन्हींवर सही सारखी करा, आरसीवर असेल तशी. सोबत आरसी, विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा.

फॉर्मवर चेसिस प्रिंट लागते, आणि ती घेताना बहुतेकांची तारांबळ उडते. चेसिस नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. काही गाड्यांत तो बोनेट उघडल्यावर इंजिनमागच्या पत्र्यावर सापडतो, काहींत पुढच्या सीटच्या पायाशी गालिच्याला चीर असते तिच्याखाली. दरवाज्याच्या खांबावरचं स्टिकर म्हणजे चेसिस नंबर नव्हे, त्यावरून काही उमटत नाही. आधी जागा रॉकेल किंवा पेट्रोल लावलेल्या फडक्याने पुसून कोरडी करा, तेलकट पत्र्यावर कागद सरकतो. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी नंबरवर ठेवा, दोन्ही टोकं चिकटपट्टीने पक्की करा आणि मऊ पेन्सिलची कड आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने घासा. टोकाने गिरवलं तर कागद फाटतो. सगळे १७ अंक-अक्षरं वाचता आली पाहिजेत, सुरुवातीची आणि शेवटची खूणही. अशा पाच-सहा पट्ट्या एकदमच काढून ठेवा, पुण्यातही लागतात. जागा गंजलेली असेल आणि एखादा अंक उमटतच नसेल तर त्या ठिकाणचा जवळून फोटो घ्या आणि निरीक्षकाला आधीच दाखवा. नंबर पुन्हा कोरण्याचा शहाणपणा स्वतःहून अजिबात करू नका, त्याला खाडाखोड समजतात.

याच कलम ४८ नुसार आरटीओला ३० दिवसांत एनओसी द्यावी किंवा कारण लिहून नाकारावी लागते. काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं. कागदावर हे फार छान आहे. प्रत्यक्षात 'मानलेली' एनओसी पुण्याच्या खिडकीवर कोणी घेत नाही, पण हे कलम अर्जात लिहून स्मरणपत्र दिलं की फाइल हलते. कर्नाटकात २०११ चा सकाल सेवा हमी कायदाही आहे: ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई. रक्कम क्षुल्लक आहे, तरी पावतीवर सकालचा क्रमांक असला की विलंब वरच्या अधिकाऱ्याच्या यादीत दिसतो.

एनओसी सहा महिन्यांच्या आत वापरा. बेत बदलला आणि गाडी तिकडेच राहिली तर एनओसी रद्द करून घ्यावी लागते. त्यासाठी नव्या आरटीओचं 'आमच्याकडे नोंदणी झालेली नाही' असं पत्र मागतात.

पुण्यात पोचल्यावर

एनओसी हातात असेपर्यंत गाडी जुन्याच नंबरवर चालते आणि विमाही त्याच नंबरवर वैध असतो. नंबर प्लेट स्वतः काढायची नाही.

वाहन पोर्टलवर दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीची नोंदणी निवडा. कागद असे: फॉर्म २७, एनओसीचे दोन्ही भाग, मूळ आरसी, पत्त्यासाठी फॉर्म ३३, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चेसिस प्रिंट, बँकेची संमती आणि गाडीचं मूळ बिल. नियमाप्रमाणे कारच्या नव्या नोंदणीची फी ६०० रुपये आहे, बाकी कार्डाचा खर्च. पत्त्यासाठी आधार सर्वात सुटसुटीत. भाडेकरार द्यायचा तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच, शंभराच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला नाही.

मूळ बिलाला लोक किरकोळ समजतात, पण टॅक्स गाडीच्या किमतीवर बसतो आणि किमतीचा पुरावा तोच. बिल हरवलं असेल तर बंगळुरूच्या शोरूमकडून प्रमाणित प्रत आधीच मागवा. जुन्या आरसीच्या दोन्ही बाजूंची आणि कर्नाटकात टॅक्स भरल्याच्या पावतीची चांगली रंगीत प्रत काढून ठेवा. मूळ आरसी इथे जमा होते आणि परताव्याच्या वेळी तिची प्रत मागतात. डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून स्वस्थ बसू नका, नंबर बदलला की तिथली जुनी नोंद दिसेनाशी होते.

महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल कारला एकरकमी टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला अनुक्रमे १३, १४, १५. नऊ लाखांची पेट्रोल गाडी नवी असती तर ९९,००० रुपये. वापरलेल्या गाडीला वयानुसार हा आकडा कमी होत जातो. पोर्टल स्वतः हिशोब करतं, पण त्याने धरलेली किंमत आणि पहिल्या नोंदणीची तारीख तपासून पाहा. किंमत ऑन-रोड धरली गेली असेल तर त्यात विमा आणि कर्नाटकचा टॅक्सही घुसलेला असतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. एक्स-शोरूम किंमत दाखवणारं बिल पुढे करा. गाडी कंपनीच्या नावावर असेल, उदाहरणार्थ पगारातून लीजवर घेतलेली, तर दर सरळ २० टक्के आहे. अशी गाडी आधी स्वतःच्या नावावर करता येते का ते कंपनीला विचारा. ते नामांतर आणि राज्यबदल एकाच अर्जात होतं, फॉर्म २९ आणि ३० वाढतात एवढंच.

त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची. मोटार वाहन निरीक्षक चेसिस आणि इंजिनचे क्रमांक आरसीशी ताडून पाहतो, रंग बघतो, मग बदल शोधतो. आदल्या दिवशी गाडी स्वतःच फिरून पाहा. काचांवरची काळी फिल्म (सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली), पुढचा लोखंडी बंपर, रुंद टायर, भडक दिवे हे सगळं काढा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढवलेलं नसेल तर काम तिथेच थांबतं, आणि ते जुन्या आरटीओत एनओसीच्या आधीच चढवायला हवं होतं. इंजिन नंबर बहुधा मातीने झाकलेला असतो. बॅटरी टॉर्च आणि फडकं सोबत ठेवा. निरीक्षकाला वाकून शोधावं लागलं नाही की काम दहा मिनिटांत होतं.

यानंतर पुण्याचं कार्यालय एनओसी खरी आहे का याची मूळ कार्यालयाकडून खातरजमा करतं. आता ती वाहन पोर्टलवरच दिसते. तरी काही ठिकाणी ईमेल किंवा पत्राने विचारणा करतात आणि उत्तर येईपर्यंत फाइल पडून राहते. बंगळुरूच्या कार्यालयाचा जावक क्रमांक आणि तारीख हाताशी असली तर पाठपुरावा करता येतो. दाद लागत नसेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली 'आपले सरकार' वर अपील करता येतं.

एजंट घ्यावा का? पुण्याच्या बाजूला खरं तर गरज नाही. बंगळुरू सोडून आला असाल आणि एनओसी राहिली असेल तर मात्र दोन चकरांच्या तिकिटापेक्षा एजंट स्वस्त पडतो. त्याला मूळ आरसी देताना पोच लिहून घ्या. त्याची फी आणि सरकारी रक्कम वेगळी सांगायला लावा. टॅक्स तुमच्या लॉगिनमधून तुम्हीच भरा. 'सगळं मिळून एवढे' या आकड्यात टॅक्स किती हे कधीच कळत नाही.

नवा नंबर पडल्यानंतर

आवडीचा नंबर हवा असेल तर फी भरून घेता येतो. जुना नंबर सोबत येत नाही. मग उच्च सुरक्षा नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीची प्लेट कंपनीच्या डीलरमार्फत मिळते. त्याआधीच्या गाडीची परिवहन विभागाने नेमलेल्या कंपनीकडून, कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. बुकिंग परिवहन विभागाच्या साइटवरच्या लिंकनेच करा, शोधयंत्रात वर येणाऱ्या नकली साइट भरपूर आहेत. काचेवरचं रंगीत स्टिकरही नवं लागतं: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी. प्लेट बसवणारा स्टिकर विसरतो, आठवण करून द्या.

विमा कंपनीला त्याच आठवड्यात नवी आरसी पाठवून नंबर आणि पत्ता बदलून घ्या. याला एंडॉर्समेंट म्हणतात, शुल्क किरकोळ असतं आणि नो-क्लेम बोनस तसाच राहतो. बंगळुरू आणि पुणे दोन्ही विम्याच्या 'अ' विभागात असल्याने हप्त्यात फरक पडत नाही. पणजी किंवा बेळगावहून पुण्याला आलेली गाडी 'ब' मधून 'अ' मध्ये येते, तिथे थोडा वाढतो. पॉलिसीवर जुना नंबर राहिला आणि अपघात झाला तर दावा कागदपत्रांत अडकतो.

फास्टॅग जुन्या नंबरला बांधलेला असतो. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे नवी आरसी चढवा, नाहीतर एखाद्या नाक्यावर टॅग काळ्या यादीत निघतो. पीयूसी नव्या नंबरवर पुन्हा काढा.

कर्नाटकचा टॅक्स परत

इथे लोक पैसे सोडून देतात आणि रक्कम लहान नसते. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन टॅक्स १४ टक्के बसतो, वर उपकर. नऊ लाखांवर फक्त टॅक्सच १,२६,००० होतो. गाडी राज्याबाहेर कायमची नोंदली गेली की उरलेल्या वयाच्या प्रमाणात परतावा मिळतो. दर वयाच्या वर्षाप्रमाणे उतरतो, म्हणून नोंदणीची वर्षपूर्ती तोंडावर असेल तर एनओसी आणि पुण्याची नोंदणी त्याआधी उरकायला बघा.

अर्ज ज्या आरटीओत टॅक्स भरला तिथेच. पुण्यात टॅक्स भरून नवी आरसी हातात आल्याशिवाय तो घेत नाहीत, त्यामुळे दोन्ही राज्यांचे पैसे काही काळ एकदम अडकलेले असतात. त्याची तजवीज आधीच करा. सोबत नव्या आरसीची प्रमाणित प्रत, एनओसीची प्रत, जुन्या आरसीची प्रत, टॅक्सची पावती, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्र. बँक खातं आरसीवरच्या नावाचंच हवं. अर्ज हातोहात द्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पैसे कोषागारातून खात्यात येतात आणि वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: शुल्क दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. आवक क्रमांक आणि तारीख लिहून एवढंच विचारा: फाइल सध्या कोणाच्या टेबलावर आहे, कधीपासून आहे, परताव्याची रक्कम किती मंजूर झाली आणि कोषागाराकडे बिल कोणत्या तारखेला गेलं. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तराच्या आधी पैसेच जमा होतात.